‘निष्काळजीतनदिंद’ कुणाच्या नावापुढं लिहिलंय, ते आधी बघा

खानापूर तालुक्यातल्या एका भावानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. थोरला भाऊ गौंडी होता, वय ३४. अडीच महिन्यांपूर्वी संकेश्वरकडचं काम आटपून रात्री मोटरसायकलवरून परत येताना हायवेवर, हत्तरगी टोलनाका ओलांडल्यावर, अंधारात उभ्या असलेल्या टेम्पोवर मागून आदळला आणि जागेवर गेला. टेम्पोला ना पार्किंग लाईट, ना मागं दगड-फांदी काही. मागून येणाऱ्या त्यांच्याच गावच्या पोरानं हे डोळ्यांनी बघितलंय. रात्री दवाखान्यात पोलिसांनी फिर्याद लिहून घेतली, ह्यांनी सही केली. कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. आता कुणीतरी वाचून दाखवल्यावर कळलं की चूक भावाचीच लिहिलेली आहे. टेम्पोमालक म्हणतो, चार लाख घ्या आणि बॉन्डवर लिहून द्या. घरात वहिनी, सात आणि चार वर्षांची दोन पोरं, आणि आई. विचारतायत: घ्यावे का? आणि कोर्टात गेलो तर किती मिळतील?

बेळगावच्या कोर्टात मी सव्वीस वर्षं अपघाताच्या केसेस चालवतोय, बहुतेक वेळा घरच्यांच्या बाजूनं, मधली काही वर्षं विमा कंपनीच्या पॅनेलवरही होतो. म्हणून दोन्ही बाजू कसा विचार करतात ते ठाऊक आहे. उत्तर लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

चार लाख घेऊ नका. ह्याचं कारण भावना नाही, हिशोब आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख रुपये चूक कुणाची हे सिद्ध न करता मागता येतात. म्हणजे मालक तुम्हाला कायद्यानं विनावाद मागता येणाऱ्या रकमेपेक्षाही कमी देऊ करतोय, आणि वर लिहून मागतोय की ‘आमची काही तक्रार नाही’. तो बॉन्ड उद्या तुमच्या वहिनीच्या उलटतपासणीत बाहेर येतो. अर्थात त्या पाच लाखांवरही घाईनं सही नको. ते रीतसर स्वीकारले की कलम १६६ खालचा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागायचा, मोठा दावा संपतो.

आता फिर्यादीकडं वळतो. तुमच्या केसचा जीव तिथं आहे.

आपल्या भागातल्या फिर्यादीत एक ठरलेलं वाक्य असतं: ‘अती जोरदिंद मत्तु निष्काळजीतनदिंद’ गाडी चालवून, म्हणजे फार जोरात आणि निष्काळजीपणानं. गंमत बघा, ‘जोर’ही आपला आणि ‘निष्काळजी’ही आपलाच, फक्त शेपूट कन्नड. त्यामुळं लिपी येत नसली तरी कुणी वाचून दाखवलं की हा शब्द तुमच्या कानाला लगेच सापडतो. तो सापडला की एवढंच बघायचं, तो कुणाच्या नावापुढं आहे. टेम्पोच्या ड्रायव्हरच्या की मयताच्या? तुमच्या फिर्यादीत तो मयताच्या नावापुढं आहे, आणि टेम्पो ‘रस्त्याच्या बाजूला उभा होता’ एवढंच आहे. लाईट नव्हती हे नाही. अर्धा टेम्पो डांबरावर होता हेही नाही.

ह्यात पोलिसाचा डाव असतोच असं नाही. रात्री दीड वाजता हवालदार विचारतो, काय झालं? तुम्ही रडत सांगता, ‘भाऊ येत होता, उभ्या टेम्पोला धडकला.’ तो तेवढंच लिहितो आणि बाकीचं वाक्य सवयीनं जोडतो. मयताच्याच नावावर गुन्हा, आरोपी मयत म्हणून दोषारोपपत्र जमा, फाईल बंद. टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकिलाला आणखी काही करायला उरत नाही. मी त्या बाजूला असताना फाईल हातात आली की पहिलं पान हेच उघडायचो.

पण पहिल्या फिर्यादीनं सगळं संपत नाही. फिर्याद म्हणजे पुरावा नव्हे, ती फक्त सुरुवात. दाव्याच्या न्यायाधिकरणात (अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टात) गुन्ह्याच्या खटल्यासारखं संशयापलीकडं सिद्ध करावं लागत नाही. जास्त शक्यता कुठल्या बाजूला, एवढं बघतात. तुम्ही आता करायचं ते असं. पोलीस निरीक्षकाला लेखी अर्ज द्या की फिर्याद मला न समजणाऱ्या भाषेत लिहिली, टेम्पो विनालाईट रस्त्यावर उभा होता हे मी सांगूनही आलं नाही (सांगितलं असेल तरच हे लिहा, खोटं नको), माझा पुरवणी जबाब घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. एक प्रत रजिस्टर पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना. आणि त्या गावच्या पोराचा जबाब. तो घाबरेल, त्याची आई म्हणेल ‘कोर्टकचेरी आमच्या मागं नको’. तिला भेटायला तुम्ही जाऊ नका, गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला पाठवा. ह्या पोराइतका मोलाचा कागद तुमच्याकडं दुसरा नाही.

दोषारोपपत्र अजून गेलं नसेल तर तपास अधिकाऱ्याला सगळं करता येतं. गेलं असेल तरी पुढचा तपास मागता येतो, आणि न्यायाधिकरणासमोर त्या पोराला थेट साक्षीला आणता येतं.

दोन कागद बारकाईनं बघा. घटनास्थळाचा पंचनामा आणि त्याला जोडलेला हातानं काढलेला नकाशा. नकाशात टेम्पो कुठं दाखवलाय? पांढऱ्या पट्टीच्या आत की मातीवर? काचेचे तुकडे, रक्त, घसरल्याची खूण कुठं? मोटार वाहन निरीक्षकाच्या अहवालात टेम्पोच्या मागच्या दिव्यांविषयी एक ओळ असते. ‘धडकेमुळं फुटले’ आणि ‘चालू स्थितीत नव्हते’ ह्यात लाखांचा फरक आहे. टोलनाक्याचं आणि जवळच्या ढाब्या-पंपाचं चित्रण अडीच महिन्यांनी बहुधा पुसलं गेलं असेल, तरी लेखी मागणी टाका. टेम्पो त्या रात्री किती वाजता नाक्यावरून गेला ह्याची फास्टॅगची नोंद मिळू शकते, आणि तो तिथं किती वेळ उभा होता हे त्यावरून निघतं.

रस्त्यावर धोकादायक रीतीनं वाहन उभं करण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ नं मनाई आहे. रात्री महामार्गावर विनादिवा उभ्या टँकरवर कार आदळली होती, तेव्हा २०१८ साली अर्चित सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं कारचालकाची काहीच चूक धरली नव्हती. तुमच्या केसमध्ये हाच मुद्दा आहे. विमा कंपनी मात्र पन्नास-पन्नास टक्के दोष मागणार. हेल्मेट नव्हतं म्हणेल, लायसन्स संपलं होतं म्हणेल. नुसतं लायसन्स नसणं म्हणजे अपघातात वाटा असणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. हेल्मेटचा मुद्दा डोक्याच्या जखमेशी जोडला जातो, म्हणून पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टमध्ये मृत्यूचं कारण काय लिहिलंय ते बघा.

मुदत. हे घरातल्या सगळ्यांना सांगा. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत टाकायचा आहे. आधी अशी मुदत नव्हती, त्यामुळं ‘अरे, टाकू की वर्षाचं झाल्यावर’ असं सांगणारी जुनी मंडळी गावोगावी अजून आहेत. ह्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. तुमचे अडीच महिने गेले. कागदोपत्री पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, आणि तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. पण ज्या अहवालात तुमच्या भावाचीच चूक लिहिलेली आहे, त्यावर विसंबणार का? स्वतंत्र दावा टाका.

कुठं टाकायचा? दावेदार जिथं राहतो तिथं, अपघात झाला तिथं, किंवा सामनेवाला राहतो तिथं. सीमाभागात ह्याचा फार उपयोग होतो. खानापूरचा पोरगा गोव्यात कामाला जाऊन चोर्ल्याच्या घाटात गेला तरी त्याच्या आईनं गोव्याला खेपा घालायची गरज नाही. उलट चंदगड-गडहिंग्लजची सासर-माहेरं आपल्याकडं भरपूर. वहिनी कायमची माहेरी कोल्हापूर जिल्ह्यात राहत असेल तर दावा तिकडं मराठीतून चालेल, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच असल्यानं अपीलही तिथंच. इकडं टाकला तर अपील धारवाडला. मी स्वतः तुम्हाला बेळगाव जिल्ह्यातच टाका म्हणेन. पोलिसांचे कागद, साक्षीदार, टेम्पो सगळं इथं आहे, आणि नुसत्या भाषेसाठी साक्षीदाराला घाट ओलांडायला लावलं की तो एका तारखेला येतो, दुसऱ्या तारखेला येत नाही. पण पत्ता खरा हवा. दाव्यासाठी भाड्याच्या खोलीचा करार करणारे बघितलेत, उलटतपासणीत दोन प्रश्नांत उघडे पडतात.

आता किती मिळतील. हा अंदाज कसा निघतो ते तुम्ही स्वतः करून बघा, म्हणजे कुणी ‘पन्नास लाख काढून देतो’ म्हटलं तर फसणार नाही.

सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली सरला वर्मा प्रकरणात आणि २०१७ साली प्रणय सेठी प्रकरणात ही रीत पक्की केली. समजा भावाचं महिन्याचं उत्पन्न १५,००० धरलं. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरायचे: २१,०००. त्यातून त्यांचा स्वतःचा खर्च वजा. अवलंबून चार माणसं असली की एक चतुर्थांश, म्हणजे राहिले १५,७५०. बाराने गुणलं की वर्षाचे १,८९,०००. ह्याला वयाप्रमाणं ठरलेल्या आकड्यानं, म्हणजे गुणकानं, गुणायचं; ३४ वयाला गुणक १६. झाले ३०,२४,०००. त्यावर बायको, दोन मुलं आणि आई ह्यांना सहवास गमावल्याबद्दल प्रत्येकी. २०१७ साली ही रक्कम ४०,००० होती आणि दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढायची होती, म्हणून आता ४८,४०० धरतात, चौघांचे १,९३,६००. मालमत्तेचं नुकसान आणि अंत्यविधी मिळून ३६,३००. एकूण ३२,५३,९००, आणि दावा टाकल्यापासून व्याज.

आता हाच हिशोब उत्पन्न १२,००० धरून करा. पहिला आकडा ३०,२४,००० चा २४,१९,२०० होतो. रोजच्या शंभर रुपयांच्या फरकानं सहा लाख गेले. आणि पन्नास टक्के दोष भावावर आला तर सगळंच निम्मं. म्हणून म्हणतो, कागद आधी.

गौंड्याचं उत्पन्न दाखवायचं कसं? बहुतेकांना वाटतं पगाराची स्लिप नाही म्हणजे काही नाही. काही नसेल तर कोर्ट कर्नाटक राज्य कायदे सेवा प्राधिकरणाच्या वर्षवार तक्त्यातला आकडा धरतं, त्याला कुणी अडवत नाही. पण त्याच्या वर जायचं तर पुरावा लागतो. लेबर कार्ड असेल तर तो कामगार होता हे तरी वादात राहत नाही (आणि बांधकाम कामगार मंडळाकडून मिळणारी मदत वेगळी, तीही मागा). फोनपेवर मालकांनी पाठवलेले पैसे, बँकेचा उतारा, ज्याच्या घराचं काम चाललं होतं त्याची साक्ष. एक जुनी केस सांगतो. दूध घालणाऱ्या माणसाची बायको माझ्याकडं आली, हातात साखरेची प्लास्टिकची पिशवी. मी विचारलं, उत्पन्नाचं काही आहे का? म्हणाली, ‘काय नाही ओ वकील, नुसती ही डेअरीची पुस्तकं.’ सात वर्षांची पुस्तकं होती, सकाळ-संध्याकाळ लिटर आणि फॅट, दर दहा दिवसाला बिलाचा आकडा, कडेला शेणाचे डाग. चाराखर्च वजा जाऊनही न्यायाधीशांनी तक्त्यापेक्षा जास्त उत्पन्न धरलं. विमा कंपनीच्या वकिलानं पुस्तक हातात घेतलं, चार पानं उलटली आणि परत ठेवलं. निपाणीकडच्या विडी कामगार बायांचं विडीबुक, ऊसवाल्याची कारखान्याची बिलं, ह्याच जातीचे कागद. शेतकऱ्याच्या बाबतीत कंपनी म्हणते, ‘जमीन तर तिथंच आहे, नुकसान कसलं?’ जमीन राहते, पण ती कसणारा आणि तिच्यावर लक्ष ठेवणारा गेला, त्याची किंमत मिळते. आणि घरी राबणारी बाई गेली तर तिच्या कामालाही कोर्ट उत्पन्न धरतं. ‘ती काही कमवत नव्हती’ असं दाव्यात लिहून आणणाऱ्या नवऱ्याला मी खोडरबर देतो.

वयाचा दाखला शाळेचा घ्या. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, शाळा सोडल्याचा दाखला त्याच्या वर, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलंय. आपल्याकडं अर्ध्या गावाचा वाढदिवस गुरुजींच्या कृपेनं १ जूनला असतो, पण वर्ष तरी बरोबर असतं. आधारवर वय ३६ पडलं असेल तर गुणक १५ होतो आणि वरच्या हिशोबात १,८९,००० कमी. मराठी शाळेचा दाखला मराठीत असला म्हणून बिघडत नाही, सोबत भाषांतर जोडायचं.

नावांचा घोळ हा सीमाभागाचा खास आजार. मराठी ज्ञानेश्वर आधारवर इंग्रजी ‘डी’नं सुरू होतो, कन्नडमधून आलेल्या मृत्युदाखल्यावर ‘जे’नं, आणि पीएम रिपोर्टमध्ये तिसराच कुणीतरी असतो. आत्ताच सगळे कागद शेजारी ठेवून बघा. दुरुस्ती होण्यासारखी असेल ती करून घ्या, नसेल तिथं ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र. नाडकचेरीतून (कर्नाटकातलं महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय) वंशवृक्ष काढा. त्यात आईचं नाव राहता कामा नये. सुनेनं काढलेल्या वंशवृक्षात सासू नसते आणि सासूनं काढलेल्यात सून, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता दोघींना एकत्र बसवूनच अर्ज लिहितो. लग्न झालेली बहीण-मुलगी वगैरे प्रश्न तुमच्याकडं नाहीत. पुढं वहिनीनं दुसरं लग्न केलं तरी तिचा हक्क जात नाही, हे आईला आत्ताच शांतपणे सांगून ठेवा.

एलआयसीचे पैसे मिळाले तर ते भरपाईतून वजा होत नाहीत, १९९८ पासून हे ठरलेलं आहे. घरात आणखी दोन गोष्टी शोधा. मोटरसायकल भावाच्याच नावावर होती ना? मग विमा पॉलिसीत ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात’ असा हप्ता भरलाय का बघा. असेल तर १५ लाखांचं संरक्षण असतं, आणि तिथं चूक कुणाची हा प्रश्नच नाही, लायसन्स मात्र चालू हवं. आणि बँक पासबुकात मे-जूनमध्ये २० रुपये कापल्याची ओळ आहे का. असेल तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे दोन लाख. ह्यासाठी कोर्ट नको, बँकेत जा, आणि लगेच जा.

ज्यांची गोष्ट वेगळी आहे त्यांच्यासाठी पटकन. गाडी ठोकून पळाली आणि सापडलीच नाही तर दोन लाख, अर्ज तहसीलदार कचेरीच्या वाटेनं. दुसऱ्याची गाडी मागून घेतली आणि स्वतःच्याच चुकीनं पडला तर त्या गाडीच्या विम्यातून तिसरा पक्ष म्हणून काही मिळत नाही. २००९ सालचा ह्यावरचा निर्णय आपल्याच टापूतला, इलकलहून गावी निघालेल्या माणसाचा. ऊस भरलेल्या ट्रॉलीवर बसून जाणारा टोळीतला माणूस हा सगळ्यात अवघड प्रकार: ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा, ट्रॉलीवर माणूस बसणं त्यात नाही. तिथं कधी कर्मचारी भरपाई कायदा १९२३ चा मार्ग बरा पडतो, पण दोन्हीपैकी एकच निवडायचा. विजेच्या तुटलेल्या तारेनं गेला तर १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी दावा, मुदत दोन वर्षं, आणि तिथं वीज पुरवणाऱ्यावर चूक सिद्ध न करताही जबाबदारी येते. रेल्वेतून पडून गेला तर रेल्वे दावे न्यायाधिकरण, आठ लाख, मुदत एक वर्ष.

वकिलाच्या पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, मीच सांगतो. दवाखान्याच्या दारात कार्ड देणारा माणूस ‘आधी काही देऊ नका, निकालाच्या तीस टक्के’ म्हणतो. निकालातला वाटा ठरवणं वकिलाला नियमानं बंद आहे. फी ठरवा, पावती घ्या. परवडत नसेल तर जिल्हा कायदे सेवा प्राधिकरण वहिनीला मोफत वकील देतं, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० ला फोन केला तरी चालतो. लोकअदालतीत तडजोड करायला माझी हरकत नसते, पण तिथं सही झाली की अपील नाही, म्हणून वरचा हिशोब खिशात ठेवून जा. पैसे वहिनीच्या नावच्या खात्यावर येतील, पोरांचा वाटा ती अठरा वर्षांची होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत. त्या ठेवीवर कुणाचा डोळा असेल, अगदी काकाचा असला तरी, तर आत्ताच विसरा. राग मानू नका, प्रत्येकाला सांगतो.

वहिनीला कोर्टात यावं लागेल का? हो, एकदा साक्षीला. वर्षभरानं, कदाचित उशिरा. तिची सरतपासणी (आपल्या बाजूनं दिलेला पहिला जबाब) प्रतिज्ञापत्रावर असेल, इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये टाईप केलेली. सहीच्या आधी वकिलाला ती ओळ न ओळ मराठीत सांगायला लावायची. उलटतपासणीत तिनं मराठीतच बोलावं, आमच्या कोर्टात ते नवं नाही, न्यायाधीश विचारून घेतात. कंपनीचा वकील विचारेल, ‘तुमचे मालक जोरात गाडी चालवायचे ना?’ तिला माहीत नसेल तर ‘मी तिथं नव्हते’ एवढंच. शेवटी टायपिस्ट कागद पुढं सरकवेल आणि सही कुठं करायची तिथं बोट ठेवेल. तिथं तिनं हात मागं घ्यायचा आणि म्हणायचं, ‘आधी वाचून दाखवा.’